लक्षण नाही म्हणजे लागण नाही?

वाचकांचे प्रश्न : लैंगिक संसर्ग

लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या आजारांविषयीची निवडक पत्रं या वेळी घेतली आहेत. नावं गाळली आहेत. वय तेवढं ठेवलं आहे, कारण काही उत्तरं वयाप्रमाणे बदलतात. बहुतेक पत्रांत एक वाक्य हमखास आहे : ‘मला काही त्रास नाही, मग...’ हे ‘मग’ फसवं आहे. संबंध कोणत्या प्रकारचा होता, त्याला किती दिवस झाले आणि तपासणी शरीरातल्या कुठल्या जागेची झाली, या तीन गोष्टी कळल्याशिवाय धोक्याबद्दल काही बोलता येत नाही.

दहा दिवसांपूर्वी कंडोमशिवाय संबंध आला. चौथ्या दिवशी लॅबमध्ये जाऊन एचआयव्हीची टेस्ट केली, ती निगेटिव्ह आली. आता निर्धास्त राहू का?
(पुरुष, वय २९)

अजून नाही. चौथ्या दिवशीचा निगेटिव्ह रिपोर्ट त्या रात्रीबद्दल काहीच सांगत नाही. त्याआधी तुम्हाला लागण नव्हती, एवढंच त्यातून कळतं. विषाणू शरीरात शिरला तरी तो रक्तात सापडण्याइतका वाढायला आणि त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार व्हायला दिवस जावे लागतात. या मधल्या काळाला विंडो पिरियड म्हणतात. या काळात रिपोर्ट निगेटिव्ह येतो, पण लागण असू शकते आणि ती दुसऱ्याला होऊही शकते.

एचआयव्हीसाठी दोन प्रकारच्या चाचण्या नेहमी वापरात असतात. शिरेतून रक्त घेऊन लॅबमध्ये होणारी चौथ्या पिढीची चाचणी विषाणूचा एक भाग आणि प्रतिपिंडं, असं दोन्ही शोधते. ती साधारण १८ ते ४५ दिवसांत लागण पकडते. बोट टोचून केलेली, फक्त प्रतिपिंडं शोधणारी रॅपिड टेस्ट मात्र २३ ते ९० दिवस घेते. त्यामुळे तुमची कोणती टेस्ट झाली हे रिपोर्टवर पाहा आणि चौथ्या पिढीची टेस्ट ४५ दिवस पूर्ण झाल्यावर पुन्हा करा. रॅपिड टेस्टच करणार असाल तर तीन महिने थांबावं लागेल. मधल्या काळात, विशेषतः दोन ते चार आठवड्यांच्या सुमारास, ताप, घसा दुखणं, अंगावर पुरळ, गळ्यात-काखेत गाठी असं एकत्र दिसलं तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जा. ही लक्षणं साध्या फ्लूचीही असतात. पण संबंधाची तारीख सांगितली तर डॉक्टर त्या वेळी थेट विषाणू शोधणारी चाचणी करून घेऊ शकतात.

आता तुम्ही न विचारलेलं. एकट्या एचआयव्हीची टेस्ट पुरेशी नाही. परमा (गनोरिया) आणि क्लॅमिडिया या दोन जिवाणूंच्या संसर्गांची लघवीची तपासणी दोन आठवड्यांनी करा. सिफिलिसची रक्ततपासणी सहा आठवड्यांनी एकदा आणि तीन महिने झाल्यावर पुन्हा करा, कारण त्याची पहिली खूण दिसायलाच १० ते ९० दिवस लागू शकतात. हिपॅटायटिस बीची लस तुम्ही कधी घेतली नसेल तर याच आठवड्यात पहिला डोस घ्या. संबंधानंतर १४ दिवसांच्या आत दिलेली ही लस लागण टाळायला मदत करते आणि तुमचे दहा दिवस गेले आहेत. पुढचे दोन डोस साधारण एक आणि सहा महिन्यांनी घ्यायचे.

एक संधी मात्र हुकली, ती बाकीच्या वाचकांसाठी ठळकपणे सांगायला हवी. एचआयव्हीचा धोका असलेला संबंध आला, कंडोम फाटला किंवा जबरदस्ती झाली, तर लागण रोखण्यासाठी पीईपी नावाची औषधं असतात. ती ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितकी लवकर तितकी चांगली, आणि पूर्ण २८ दिवस घ्यावी लागतात. ७२ तास उलटले की ती देत नाहीत. म्हणून ‘सोमवारी बघू’ असं करायचं नाही. त्याच रात्री मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जायचं.

धोका किती, हेही तुम्ही पुढे विचारलं आहे. जोडीदाराला एचआयव्ही आहे, तो औषधं घेत नाही आणि कंडोम नाही, असं धरलं तर दर १०,००० संबंधांमागे लागण होण्याचा सरासरी अंदाज असा आहे : योनीसंबंधात पुरुषाला ४, स्त्रीला ८. गुदसंबंधात लिंग आत घालणाऱ्याला ११ आणि घेणाऱ्याला १३८. हे आकडे बघून धीर येतो, पण ते सरासरीचे आहेत. जोडीदाराला नुकतीच लागण झाली असेल तर त्याच्या रक्तात विषाणू भरमसाट असतो. दोघांपैकी कुणाला व्रण असेल तर विषाणूला दार उघडंच मिळतं. तेव्हा हा आकडा कित्येक पटींनी वाढतो. परमा, क्लॅमिडिया, हर्पिस यांचा धोका तर एका संबंधातही याहून खूपच मोठा असतो, आणि चर्चा मात्र एचआयव्हीचीच होते.

नवऱ्याला लघवीला जळजळ होत होती, पू येत होता. त्यांनी मेडिकलमधून गोळ्या आणून घेतल्या, आता बरं आहे. मला काहीच त्रास नाही. तरी मी तपासून घ्यावं का?
(स्त्री, वय ३४)

हो, आणि लवकर. पुरुषाला असा पू येतो तो बहुतेक वेळा परम्यामुळे किंवा क्लॅमिडियामुळे, पुष्कळदा दोन्ही एकत्र असतात. पुरुषाला संसर्ग मूत्रनलिकेत होतो, त्यामुळे त्याला जळजळ लगेच जाणवते. परम्याची लक्षणं त्याला साधारण दोन ते सात दिवसांत दिसतात. स्त्रीला मात्र संसर्ग गर्भाशयाच्या मुखाशी होतो आणि तिथे वेदना फारशा कळत नाहीत. क्लॅमिडिया झालेल्या दहापैकी सुमारे सात स्त्रियांना काहीही लक्षण नसतं. तुम्हाला त्रास नाही यावरून तुम्हाला लागण नाही, असं ठरवता येत नाही.

न कळलेला हा संसर्ग वर सरकला तर गर्भाशय आणि गर्भनलिका सुजतात. सूज उतरल्यावर नलिकेत वण राहतात, ती चिकटते. पुढे मूल होण्यात अडचण येते, किंवा गर्भ गर्भाशयात न रुजता नलिकेतच रुजतो आणि ती फुटली तर जिवावर बेतू शकतं. ओटीपोटात दुखणं, संबंधाच्या वेळी खोलवर दुखणं, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त दिसणं, ताप, यांपैकी काही असेल तर त्याच दिवशी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.

नवऱ्याच्या गोळ्यांचं काय? आम्हाला तीच खरी काळजी वाटते. परम्याच्या जिवाणूने गेल्या काही दशकांत एकेक औषध निकामी केलं : सल्फा, पेनिसिलिन, टेट्रासायक्लिन, मग सिप्रोफ्लॉक्सॅसिन. दुकानदाराने अंदाजाने दिलेल्या गोळ्यांनी पू आटतो, जिवाणू मात्र कमी संख्येने तिथेच राहतात. आज परम्यासाठी मुख्यतः सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनचं स्नायूत दिलेलं एक इंजेक्शन वापरतात. क्लॅमिडियासाठी डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सात दिवस देतात. गरोदर स्त्रीला डॉक्सिसायक्लिन देत नाहीत, त्याऐवजी अ‍ॅझिथ्रोमायसिन देतात. दिवस गेले असण्याची शंका असेल तर डॉक्टरांना आधी ते सांगा. ही नावं माहितीसाठी दिली आहेत, दुकानात जाऊन मागण्यासाठी नव्हे.

दोघांनी एकाच वेळी तपासणी करा आणि एकाच वेळी औषध घ्या. एकाने आज घेतलं आणि दुसऱ्याने महिन्याने, तर संसर्ग तुमच्यातच इकडून तिकडे फिरत राहतो. एका डोसचं औषध असेल तर दोघांचं घेऊन झाल्यावर सात दिवस आणि सात दिवसांचा कोर्स असेल तर दोघांचा तो संपेपर्यंत संबंध ठेवू नका, कंडोम लावूनही नको. तीन महिन्यांनी पुन्हा एकदा तपासणी करा. औषध लागू पडलं नाही म्हणून नव्हे, तर पुन्हा लागण होण्याचं प्रमाण या काळात बरंच असतं म्हणून. नवऱ्याचे गेल्या ६० दिवसांत आणखी कुणाशी संबंध आले असतील तर त्या व्यक्तीलाही कळवायला हवं.

शेवटी तुमच्या पत्रातली जी ओळ तुम्ही अर्धी सोडली आहे तिच्याबद्दल. हे कुणाकडून आलं, हे रिपोर्टवरून सांगता येत नाही. क्लॅमिडिया महिनोन्‌महिने मुकाट राहू शकतो, कधी कधी वर्षाहून जास्त. प्रश्न विचारायचे तर जरूर विचारा. पण उपचार त्या उत्तरासाठी थांबवू नका.

सार्वजनिक शौचालय, पोहण्याचा तलाव, दुसऱ्याचा टॉवेल, डास. यांतून लागण होते का?
(पुरुष, वय १९)

एचआयव्ही, परमा, क्लॅमिडिया, सिफिलिस यांपैकी काहीही शौचालयाच्या सीटवरून, तलावाच्या पाण्यातून, हस्तांदोलनातून, एका ताटात जेवून किंवा डासाच्या चाव्यातून होत नाही. हे जंतू शरीराबाहेर तग धरत नाहीत. हिपॅटायटिस बीचा विषाणू मात्र वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस जिवंत राहतो. म्हणून दुसऱ्याचं रेझर, टूथब्रश, नखं कापायचं यंत्र वापरायचं नाही, आणि टॅटू किंवा कान टोचताना सुई नवी उघडून घ्यायला लावायची. लस घेतलेली असेल तर हीही चिंता मिटते.

दीड महिन्यापूर्वी लिंगावर एक फोड आला होता. दुखत नव्हता, आपोआप बरा झाला. आता तळहातांवर आणि तळपायांवर तांबूस डाग आलेत, खाज नाही. व्हीडीआरएल रिपोर्टवर ‘रिअ‍ॅक्टिव्ह १:३२’ असं आलंय. म्हणजे काय?
(पुरुष, वय ४१)

तुम्ही लिहिलेला क्रम सिफिलिसचा आहे. जुन्या माणसांच्या तोंडी याला ‘गरमी’ म्हणत. त्या नावाने फार नुकसान केलं, कारण उष्णता वाढली म्हणून झालं असेल, थंड घेतलं की जाईल, असा समज त्यातून पसरला. हा जिवाणूचा संसर्ग आहे आणि त्यावर नेमकं औषध आहे.

पहिल्या टप्प्यात, लागणीनंतर साधारण तीन आठवड्यांनी, जिथून जिवाणू शिरला तिथे एक टणक, न दुखणारा व्रण येतो. जांघेतली गाठ सुजते. हा व्रण तोंडात, गुदद्वारात किंवा योनीच्या आत असेल तर दिसतही नाही. औषध न घेता तीन ते सहा आठवड्यांत तो भरून येतो आणि माणूस निश्चिंत होतो. जिवाणू मात्र तोवर रक्तातून सगळीकडे पोहोचलेले असतात. दुसऱ्या टप्प्यात अंगावर पुरळ येतं. ते तळहात-तळपायांवर येणं ही याची मोठी ओळख. सोबत ताप, केस झुपक्याझुपक्याने गळणं, तोंडात पांढरट चट्टे, गुदद्वाराजवळ ओलसर चपट्या गाठी असं काहीही असू शकतं. तेही आपोआप जातं. मग येतो तो सुप्त काळ. वर्षानुवर्षं काहीच दिसत नाही, फक्त रक्ततपासणीत कळतं. उपचार न झालेल्या काही लोकांत १० ते ३० वर्षांनी हृदयातून निघणारी महाधमनी, मेंदू, मज्जारज्जू यांची हानी होते. डोळे, कान आणि मेंदूला मात्र कोणत्याही टप्प्यावर झळ लागू शकते. तुम्हाला सध्या धूसर दिसतं, कानात आवाज येतो, डोकं सतत दुखतं, असं काही असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा, कारण मग उपचार बदलतात.

आता रिपोर्ट. व्हीडीआरएल किंवा आरपीआर ही चाचणी जिवाणूला थेट शोधत नाही. त्याच्यामुळे शरीरात जे घडतं त्याचा माग ती घेते. म्हणून गरोदरपण, काही संधिवात, मलेरिया, अगदी वाढतं वय यांतही ती कधी कधी खोटी रिअ‍ॅक्टिव्ह येते, बहुधा १:८ पेक्षा कमी. तुमचा १:३२ आणि तुमची लक्षणं एकत्र पाहता तसं वाटत नाही, तरी टीपीएचएसारख्या दुसऱ्या, नेमक्या चाचणीने खात्री करतात. १:३२ याचा अर्थ रक्तद्रव ३२ पट पातळ केला तरी प्रतिक्रिया दिसते.

उपचार बेन्झाथिन पेनिसिलिनचा : २४ लाख युनिट, कमरेखालच्या स्नायूत, पहिल्या वर्षातल्या संसर्गासाठी एकदाच. लागण जुनी असेल किंवा कधीची हे कळत नसेल तर आठवड्याला एक असे तीन डोस देतात. पेनिसिलिनने सिफिलिस बरा होतो हे १९४३ मध्ये दिसलं. परम्याच्या जिवाणूने औषधामागून औषध हरवलं, पण सिफिलिसचा जिवाणू पेनिसिलिनला अजून शरण आहे. इंजेक्शननंतर पहिल्या २४ तासांत थंडी वाजून ताप येऊ शकतो, डाग जास्त लाल होऊ शकतात. ती बहुधा अ‍ॅलर्जी नसते. एकदम मेलेल्या जिवाणूंची ती प्रतिक्रिया असते आणि एका दिवसात ओसरते. श्वास लागणं, ओठ-चेहरा सुजणं, अंगभर गांधी उठणं ही मात्र अ‍ॅलर्जीची लक्षणं. ती सहसा इंजेक्शननंतर लगेच दिसतात, म्हणून इंजेक्शन घेतल्यावर अर्धा तास तिथेच बसा.

नंतरची चूक फार जणांची होते. सहा आणि बारा महिन्यांनी व्हीडीआरएल पुन्हा करायची, शक्यतो त्याच लॅबमध्ये आणि तीच चाचणी. १:३२ वरून १:८ किंवा त्याहून खाली आलं तर उपचार लागू पडला. टीपीएचए मात्र बहुतेकांत जन्मभर पॉझिटिव्ह राहते. ती पाहून घाबरायचं नाही आणि त्यावरून पुन्हा पुन्हा इंजेक्शनंही घ्यायची नाहीत. एकदा बरा झालेला सिफिलिस पुन्हा होऊ शकतो, तेव्हा हा उतरता आकडा जपून ठेवा. नवी लागण त्याच्या चढण्यावरून कळते. तुमच्यासारख्या दुसऱ्या टप्प्यात गेल्या सहा महिन्यांतल्या सगळ्या जोडीदारांची तपासणी व्हायला हवी. त्यांत कुणी गरोदर असेल तर आजच कळवा. आईकडून बाळाला लागण होते, गर्भ पोटातच दगावू शकतो, आणि हेच इंजेक्शन वेळेत मिळालं तर ते टळतं.

आम्ही कंडोम नेहमी वापरतो. मग धोका उरतच नाही ना? जास्त काळजी म्हणून दोन लावले तर?
(पुरुष, वय २३)

दोन कधीच नाही. एकमेकांवर घासून दोन्ही फाटण्याची शक्यता वाढते. स्त्रियांचा कंडोम आणि पुरुषांचा कंडोम एकाच वेळी वापरला तरी तेच होतं.

कंडोम कुठे चालतो हे समजून घेतलं की उरलेला धोका आपोआप कळतो. एचआयव्ही, परमा, क्लॅमिडिया, हिपॅटायटिस बी हे स्रावांतून जातात. कंडोम तो स्राव अडवतो, म्हणून तिथे तो उत्तम. हर्पिस, एचपीव्ही (चामखिळी आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा विषाणू) आणि सिफिलिसचा व्रण कातडीला कातडी लागून पसरतात. कंडोमने झाकलेल्या भागापुरतं संरक्षण मिळतं, अंडकोश, जांघ, योनीबाहेरची त्वचा उघडीच राहते. धोका कमी होतो, शून्य होत नाही.

कंडोम बिघडतो तो बहुतेक वेळा वापरण्यात, कारखान्यात नव्हे. पाकिटावरची मुदत पाहा आणि बोटाने दाबा. आत हवेचा फुगवटा लागला पाहिजे. तो नसेल तर पाकीट कुठेतरी फुटलंय. पैशाच्या पाकिटात किंवा गाडीत महिनाभर राहिलेला कंडोम उष्णतेने आणि घासून कमकुवत झालेला असतो. दाताने किंवा कात्रीने फाडू नका. लिंग ताठ झाल्यावर आणि पहिल्या स्पर्शाच्या आधी लावायचा. निम्म्यात लावला तर तोवर स्राव लागून गेलेला असतो. टोक चिमटीत धरून हवा काढायची आणि मुळापर्यंत उलगडायचा. उलगडत नसेल तर तो उलटा ठेवला गेला आहे. तोच सुलटा करून लावू नका, त्याच्या बाहेरच्या बाजूला स्राव लागलेला असतो, नवा घ्या. कोरडेपणा असेल तर पाण्याचं किंवा सिलिकॉनचं वंगण वापरा. तेल, व्हॅसलीन, बॉडी लोशन हे लेटेक्सला काही मिनिटांत दुबळं करतात. वीर्यपतनानंतर ताठरपणा जायच्या आत, कंडोमची कड मुळाशी धरून बाहेर काढा. गाठ मारून कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका, शौचालयात नको.

आणि नेहमी म्हणजे प्रत्येक वेळी. दहातल्या नऊ वेळा वापरणाऱ्यालाही ती दहावी वेळ पुरते.

मुखमैथुनातून काही होत नाही असं ऐकलंय. खरं का?
(स्त्री, वय २५)

एचआयव्हीपुरतं जवळपास खरं, तो धोका फारच कमी असतो. परमा घशात होतो, सिफिलिसचा व्रण ओठावर किंवा जिभेवर येऊ शकतो, ओठावरचं हर्पिस तोंडातून जननेंद्रियांवर जातं. घशातल्या परम्याला बहुतेक वेळा घसा दुखण्याइतकंही लक्षण नसतं आणि लघवीच्या तपासणीत तो सापडत नाही. गुदमार्गाचंही तसंच. ज्या जागी संबंध आला त्या जागेचा स्वॅब घ्यावा लागतो, आणि तो तुम्ही सांगितल्याशिवाय कुणी घेत नाही.

जननेंद्रियावर पाण्याच्या फोडांचा घोस आला, फार आग झाली. डॉक्टर म्हणाले हर्पिस. हे जन्मभर राहतं असं वाचलं. मला लग्न करता येईल? मूल होईल?
(स्त्री, वय २६)

लग्न करता येईल आणि मूलही होईल. दोन्ही प्रश्नांचं उत्तर स्पष्ट ‘हो’ असं आहे.

आधी एक गोंधळ दूर करू, कारण तुमच्या आईने याला ‘नागीण’ म्हटल्याचं तुम्ही लिहिलं आहे. नागीण म्हणजे हर्पिस झोस्टर. ती कांजिण्यांच्या विषाणूमुळे अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी उठते आणि लैंगिक संबंधांशी तिचा संबंध नाही. तुमचा हर्पिस सिम्प्लेक्स, घराणं एकच पण विषाणू वेगळा. त्याचे दोन प्रकार आहेत आणि दोन्ही जननेंद्रियांवर येऊ शकतात. पहिला प्रकार जगातल्या पन्नाशीखालच्या निम्म्याहून अधिक लोकांच्या शरीरात आहे, बहुतेकांना तो लहानपणी तोंडावाटे मिळालेला असतो. तुम्ही एकट्या नाही.

विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी जाऊन बसतो आणि तिथून त्याला पूर्ण काढून टाकणारं औषध नाही, हे खरं. पण पहिला झटका सर्वांत जोराचा असतो, दोन ते चार आठवडे घेतो. पुढचे झटके बहुधा सौम्य, थोडक्यात आटोपणारे आणि वर्षागणिक विरळ होत जाणारे असतात. फोड उठण्याआधी त्या जागी मुंग्या, खाज किंवा पायात कळ येते. गोळ्या त्याच वेळी सुरू केल्या तर झटका छोटा होतो, म्हणून अ‍ॅसायक्लोव्हिर किंवा व्हॅलासायक्लोव्हिरचा डोस डॉक्टरांकडून आधीच लिहून घरात ठेवा. त्या मुंग्या सुरू झाल्यापासून खपल्या पडून कातडी पूर्ण भरेपर्यंत संबंध टाळा. फोड नसतानाही अधूनमधून विषाणू कातडीवर येतो. म्हणून कंडोम हवा, आणि जोडीदाराला लागण नसेल तर रोज एक गोळी घेण्याचा पर्याय आहे. त्याने जोडीदाराला लागण होण्याची शक्यता साधारण निम्म्यावर येते.

बाळाला खरा धोका असतो तो आईला पहिली लागण प्रसूतीच्या तोंडावर झाली तर. तुम्हाला ती आधीच होऊन गेली आहे, तुमची प्रतिपिंडं बाळालाही मिळतात. फक्त डॉक्टरांना सांगून ठेवा. शेवटच्या महिन्यात गोळ्या देतात आणि प्रसूतीच्या वेळी फोड असतील तर सिझेरियन करतात.

रक्तातली ‘हर्पिस आयजीएम’ टेस्ट कुणी सांगितली तर करू नका, तिच्यावरून लागण नवी की जुनी हे ठरत नाही. ताज्या फोडाचा पीसीआर स्वॅब हाच भरवशाचा.

मुलगी ११ वर्षांची आहे. तिला एचपीव्हीची लस द्या असं सांगितलं. एवढ्या लहान वयात कशाला?
(आई, वय ३८)

कारण लस लागणीच्या आधी द्यायची असते. ती झालेली लागण बरी करत नाही. ९ ते १४ या वयात शरीर लसीला फार चांगला प्रतिसाद देतं, म्हणून जागतिक आरोग्य संघटना या वयात एक किंवा दोन डोस पुरेसे मानते. २१ नंतर दोन लागतात. एचपीव्हीच्या २०० हून अधिक प्रकारांपैकी १६ आणि १८ हे दोन प्रकार गर्भाशयमुखाच्या सुमारे ७० टक्के कर्करोगांच्या मुळाशी आहेत. ६ आणि ११ मुळे जननेंद्रियांवर चामखिळी येतात. लसीत जिवंत विषाणू नसतो, त्याचं फक्त रिकामं कवच असतं, त्यामुळे लसीतून आजार होऊ शकत नाही. लस मुलग्यांनाही देता येते.

तुमच्यासाठीही एक काम आहे. वयाच्या ३० नंतर दर ५ ते १० वर्षांनी एचपीव्ही डीएनए तपासणी करायला हवी. लस घेतलेल्या मुलींनाही मोठेपणी ती लागतेच. ती पॉझिटिव्ह आली तर नवऱ्यावर संशय घेऊ नका. बहुतेक माणसांना आयुष्यात कधी ना कधी हा विषाणू लागतो, दहापैकी नऊ जणांत दोनेक वर्षांत जातो, आणि उरलेल्यांत वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो.

अंगावरून पांढरं जातं. हा गुप्तरोग आहे का?
(स्त्री, वय ३०)

पाळीच्या मध्यावर जाणारा पारदर्शक, तार सुटणारा, वास नसलेला स्राव नैसर्गिक आहे. घट्ट, फुटक्या दह्यासारखा आणि प्रचंड खाज असेल तर ती बुरशी. पातळ, करडा आणि माशासारखा वास असेल तर योनीतल्या चांगल्या जिवाणूंचं संतुलन ढळलेलं असतं. यांपैकी कशालाही सहसा लैंगिक संसर्गात धरत नाहीत. हिरवट-पिवळा, फेसाळ स्राव, खाज आणि लघवीला आग असेल तर ट्रायकोमोनास असू शकतो, आणि तो मात्र जोडीदाराकडून येतो. त्यावर मेट्रोनिडाझोल देतात, दोघांनाही. नुसत्या वर्णनावरून आजार ओळखायला गेलं की चूक होते, म्हणून स्राव सूक्ष्मदर्शकाखाली पाहू द्या. आतून साबणाने किंवा औषधी पाण्याने धुणं थांबवा. त्याने संतुलन आणखी बिघडतं आणि असलेला संसर्ग वर ढकलला जातो.

नवरा एचआयव्ही पॉझिटिव्ह आहे, औषधं नियमित घेतो. दोन वर्षांपासून व्हायरल लोड ‘अनडिटेक्टेबल’ येतोय. मी निगेटिव्ह. आम्हाला मूल हवंय.
(स्त्री, वय ३१)

औषधं न चुकवता घेणाऱ्या आणि रक्तातला विषाणू दर मिलिलिटरमागे २०० प्रतींच्या खाली टिकवणाऱ्या माणसाकडून लैंगिक संबंधांतून एचआयव्ही पसरत नाही. हे आता अंदाज म्हणून सांगत नाहीत. युरोपात झालेल्या पार्टनर अभ्यासाच्या दुसऱ्या टप्प्यात, ज्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले, अशा जोडप्यांचे ७६,००० हून अधिक कंडोमविना संबंध नोंदवले गेले. त्यात जोडीदाराकडून झालेली एकही लागण सापडली नाही. म्हणजे तुम्ही नैसर्गिकरीत्या गर्भधारणेचा प्रयत्न करू शकता.

अटी मात्र काटेकोर पाळा. सुरू करण्याआधी गेल्या सहा महिन्यांतले रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा, गोळ्यांचे दिवस चुकले आहेत का हे नवऱ्याने प्रामाणिकपणे सांगावं, आणि दोघांनीही सिफिलिस, परमा, क्लॅमिडिया तपासून घ्या, कारण ‘अनडिटेक्टेबल’ हे फक्त एचआयव्हीपुरतं आहे. मनात धाकधूक राहत असेल तर तुम्ही स्वतः या काळात पीआरईपी ही लागण टाळण्यासाठी आधीपासून घ्यायची गोळी घेऊ शकता. तुम्ही निगेटिव्ह असाल तर बाळाला वडिलांकडून थेट लागण होत नाही, म्हणून गरोदरपणात तुमची स्वतःची एचआयव्ही तपासणी ठरलेल्या वेळी पुन्हा होऊ द्या.

तपासणीला जायचं आहे, पण डॉक्टरांना नेमकं काय सांगायचं तेच कळत नाही.
(पुरुष, वय ३३)

कागदावर लिहून न्या, बोलायला जड जात असेल तर तोच कागद पुढे करा. शेवटचा संबंध कोणत्या तारखेला, कुठल्या मार्गाने, पुरुषाशी की स्त्रीशी, कंडोम होता का. गेल्या सहा महिन्यांत किती जोडीदार. आधी कधी लागण झाली होती का, कोणतं अँटिबायोटिक कधी घेतलं, पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे का, हिपॅटायटिस बीची लस झाली आहे का. डॉक्टरांना यातल्या कशाचं नवल वाटत नाही, आणि कुणाला वाटलंच तर दुसरे डॉक्टर गाठा.

जाण्याआधी घरातलं उरलेलं अँटिबायोटिक किंवा मलम लावू नका, त्याने जंतू दबतात आणि रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येतो. फोड किंवा व्रण असेल तर तो असतानाच दाखवा. लघवीच्या तपासणीआधी किमान एक तास लघवी करू नका, जागा धुऊ नका, आणि इतर लघवी तपासणीसारखी मधली धार देऊ नका. इथे अगदी पहिली धार लागते, २० ते ३० मिलिलिटरच. डबा भरून दिला तर जंतू पातळ होतात आणि हातचे निसटतात.